बोटं उचलायची की हात सोडायचा?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मिरजेचा, बँकेतून निवृत्त. पेटी लहानपणापासून वाजवतो, भजनाला आणि घरगुती बैठकींना साथही करतो. मुलीने गेल्या वर्षी ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो घेऊन दिला. जवळपास शिकवणारं कुणी सापडलं नाही, म्हणून पुस्तकं मागवली आणि व्हिडिओ बघू लागलो. हॅनॉनच्या बोटांच्या व्यायामांच्या पुस्तकात लिहिलंय, बोटं उंच उचला. दुसरं पुस्तक म्हणतं, बोटांनी काही करूच नका, दंडाचं वजन पट्टीवर सोडा. तिसरं म्हणतं, हात फिरवा. व्हिडिओंमध्ये तर प्रत्येकाची वेगळीच तऱ्हा. मी रोज तासभर हॅनॉन करतो. हल्ली उजव्या कोपराखाली, हाताच्या वरच्या अंगाला दुखतं. अनामिका तर अजिबात ऐकत नाही. यातलं खरं कोणतं मानू? आणि या वयात नुसत्या पुस्तकांवरून हात बसतो का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : आधी दुखण्याचं बोलू. तुम्ही जागा अगदी नेमकी सांगितली आहे आणि तिथेच बोटं वर उचलणारे स्नायू असतात. बोटांमध्ये स्वतःचे असे स्नायू नसतात. बोटं हलवणारे काही छोटे स्नायू पंजात असतात आणि मोठे सगळे कोपर ते मनगट या भागात. तिथून कंडरा निघून बोटांच्या पेरांपर्यंत जातात. म्हणजे तासभर बोटं मुद्दाम उंच उचलून खाली आणली की व्यायाम बोटांना झाला असं वाटतं, पण दमतो तो कोपराखालचा भाग. तेव्हा हॅनॉन आजपासून बंद. दुखणं पूर्ण थांबेपर्यंत वाद्याला हात लावू नका. थांबल्यावर पाच-दहा मिनिटं वाजवायचं, उठायचं, पुन्हा यायचं. विश्रांती घेऊनही दुखत राहिलं, रात्री बोटांना मुंग्या आल्या किंवा हातातून वस्तू निसटायला लागली, तर डॉक्टरांकडे जा. ते काम पुस्तकाचं नाही आणि माझंही नाही. ‘दुखल्याशिवाय हात तयार होत नाही’ असं तुम्हाला कुणी सांगेल. पियानोच्या बाबतीत हे साफ चूक आहे.

आता पेटीकडे येते, कारण तुमच्या अडचणीचं मूळ मला हॅनॉनपेक्षा तिथे जास्त दिसतं. पेटीची पट्टी दाबली की झडप उघडते, एवढंच पट्टीचं काम. सूर मोठा करायचा, लहान करायचा, जिवंत ठेवायचा, हे सगळं भात्यावरचा डावा हात बघतो. तुमच्या उजव्या हाताला आयुष्यात कधी आवाज लहान-मोठा करावाच लागलेला नाही. पियानोत हे सगळं उलटं आहे. पट्टी खाली जाते ती जेमतेम एक सेंटिमीटर. ती तळाला टेकायच्या किंचित आधीच आतला हातोडा सुटा होतो आणि उरलेलं अंतर स्वतःच्या वेगाने जाऊन तारेवर आपटतो. त्या क्षणानंतर तुमच्या बोटाचा आवाजावर काहीही ताबा उरत नाही. तुमच्या डिजिटल वाद्यात हातोडा तारेवर आपटत नाही, पण पट्टीखालचे सेन्सर मोजतात तो पट्टीचा वेगच.

आज हे करून बघा. मध्यमेने एक पट्टी वाजवा आणि आवाज सुरू असताना पट्टी आणखी दाबा. हवी तेवढी दाबा. आवाजात तसूभर फरक पडणार नाही, तो आपला विरतच जाईल. पेटीवाल्या हाताला हे पटत नाही. सूर लांबवायचा म्हटलं की तो पट्टीवर रेलतो, दाबून धरतो. माझ्याकडे पेटीवरून पियानोवर आलेले जे शिकायला येतात, त्यांच्या बोटांची पहिली पेरं दाबून पांढरी पडलेली मला दिसतात. तुमचीही बघा.

मग दुसरी पायरी. तीच पट्टी वाजवा आणि सूर निघाला त्याच क्षणी जोर काढून घ्या, पण पट्टी वर येऊ द्यायची नाही. पट्टी खाली न्यायला साधारण ५० ग्रॅमचा भार पुरतो आणि खाली गेलेली पट्टी तिथे ठेवायला बोटाचं नि पंजाचं नुसतं टेकणं पुरे होतं. डाव्या हाताने उजव्या हाताचा मनगटामागचा खालचा भाग धरून ठेवा. सूर निघताना तो घट्ट होईल, लगेच मऊ पडला पाहिजे. मऊ पडत नसेल तर पुढचा सूर वाजवायचा नाही, तो पडेपर्यंत थांबायचं. हे एका बोटावर, मग पाची बोटांवर करा. कंटाळवाणं आहे, मला माहीत आहे. पण जे तुम्ही चार पुस्तकांत शोधताय, त्यातलं निम्मं इथे आहे.

बसण्याचंही विचारते, कारण पत्रात ते नाही. वाद्य जेवणाच्या टेबलावर ठेवलंय का? टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतं, त्यावर वाद्याची जाडी धरली तर पट्ट्या खऱ्या पियानोपेक्षा दहा-बारा सेंटिमीटर वर जातात. मग खांदे उचलले जातात आणि मनगट मागे मोडतं. वाद्याच्या मापाचा स्टँड घ्या. पेटीला आपण मांडी घालून बसतो, तिथे पायांना काही काम नसतं. इथे दोन्ही पावलं जमिनीवर टेकलेली हवीत, खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसायचं आणि कोपर पट्ट्यांच्या पातळीत किंवा त्याहून किंचित वर असावं.

आता पुस्तकं. ती एकमेकांना खोडून काढतात असं तुम्हाला वाटतं, आणि ते काही अंशी खरंही आहे. पण प्रत्येक लेखकाने कोणता दोष डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय आणि कोणत्या वाद्यावर, हे कळलं की भांडण बरंच मिटतं. हॅनॉनचं पुस्तक १८७३ चं. ६० व्यायाम, आणि प्रस्तावनेत आश्वासन असं की पाची बोटं सारखी तयार झाली की पियानोसाठी लिहिलेलं काहीही वाजवता येईल. बोटं उंच उचला हा उपदेश त्या काळातल्या पद्धतीचा. तो पियानोच्या जुन्या, हलक्या वाद्यांवर घडलेल्या सवयींतून आला आहे. बेटहोव्हनचा शिष्य चेर्नी ज्या व्हिएन्नातल्या पियानोंवर वाढला, त्यांच्या पट्ट्या आजच्यापेक्षा हलक्या आणि उथळ होत्या. तिथे हात स्थिर ठेवून नुसत्या बोटांनी वाजवणं निभून जात होतं. पुढे लोखंडी चौकट आली, तारा जाड झाल्या, पट्ट्या जड झाल्या आणि नुसत्या बोटांचे हाल होऊ लागले. त्या हालांवरचा उतारा म्हणून वजनाची पद्धत आली. जर्मनीत ब्राइटहाउप्ट यांचं १९०५ चं पुस्तक या पद्धतीचं मोठं निशाण. तुमच्या दुसऱ्या पुस्तकातलं ‘दंडाचं वजन सोडा’ या घराण्यातलं आहे.

मग पुरता सैल हात वाजवू शकतो का? नाही. बाल्टिमोरच्या पीबॉडी संस्थेतल्या ओटो ऑर्टमन यांनी वादकांच्या हालचाली उपकरणांनी मोजल्या आणि १९२९ साली त्यावर भलं जाडजूड पुस्तक लिहिलं. सूर निघण्याच्या क्षणी सांधे थोडे तरी आवळलेले लागतात, नाहीतर वजन पट्टीपर्यंत पोहोचतच नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. साधा विचार करा : खरोखर सैल सोडलेला हात मांडीवर पडेल, पट्टीवर राहणारच नाही. म्हणून ‘सोडा’ हे वाचताना ‘दोन सुरांच्या मधे सोडा’ असं वाचा.

तिसरं पुस्तक हात फिरवा म्हणतं, तेही चूक नाही. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं आहेत आणि ती एकमेकांभोवती वळतात, कुलपात किल्ली फिरवताना वळतात तशी. लंडनचे टोबायस मॅथे यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला या फिरण्यावर भर दिला. अंगठा आणि करंगळी आलटून पालटून वाजवायची असेल तर बोटं उचलून दमाल, हात फिरवून दमणार नाही. हंगेरियन संगीतकार बार्टोकचे शिष्य ग्यॉर्गी शांदोर यांनी १९८१ च्या त्यांच्या पुस्तकात वाजवण्याच्या पाच मूळ हालचाली मांडल्या, त्यातली ही एक. हातावरचं एकच पुस्तक वाचायचं असेल तर मी शांदोर यांचं वाचायला सांगेन, कारण ते एकच हालचाल सगळीकडे चालवत नाहीत. स्वरलिपीत कसा आकार दिसला की कुठली हालचाल, असं ते शिकवतात.

अनामिकेचं तुम्ही लिहिलंत त्यावर थोडं रेंगाळते. पंजा टेबलावर पालथा ठेवा, मध्यमा आत दुमडा आणि आता अनामिका वर उचलून दाखवा. उचलत नाही ना? माझीही उचलत नाही, कुठल्याही मोठ्या पियानोवादकाची उचलत नाही. पंजाच्या पाठीवर या बोटांच्या कंडरा एकमेकींना आडव्या पट्ट्यांनी जोडलेल्या असतात. व्यायामाने ती जोडणी सुटत नाही. ऑनलाइन बोटांसाठी स्प्रिंगची उपकरणं मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. जर्मन संगीतकार रॉबर्ट शुमानने १८३१-३२ च्या सुमारास बोटासाठी असंच काहीसं उपकरण वापरल्याची नोंद त्याच्या स्वतःच्या डायरीत आहे आणि त्याच काळात त्याचा उजवा हात गेला. उपकरणाने गेला की आजाराने, यावर अभ्यासकांचा वाद आहे. तरी एवढ्या शंकेवरही मी कुणाला ते घेऊ देणार नाही.

पियानोवादक-संगीतकार शोपँने याच्या अगदी उलटा रस्ता धरला. तो १८४९ साली गेला, म्हणजे हॅनॉनचं पुस्तक निघायच्या कितीतरी आधी. पियानो शिकवण्यावरचं एक पुस्तक त्याने लिहायला घेतलं होतं, ते अपुरं राहिलं, पण टिपणं उरली आहेत. त्यात तो म्हणतो की सगळी बोटं सारख्या ताकदीची करायला निघणं हे निसर्गाविरुद्ध जाणं आहे. प्रत्येक बोटाचा घाट वेगळा, म्हणून प्रत्येकाचा आवाज वेगळा, आणि तो वेगळेपणा वापरायचा. हात ठेवायची त्याची पहिली जागा तुमच्या पेटीच्या भाषेत, सप्तकातल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्रमांकांनी सांगते, पुस्तकापेक्षा लवकर कळेल : उजवा अंगठा पांढरी तीनवर, तर्जनी काळी तीनवर, मध्यमा काळी चारवर, अनामिका काळी पाचवर आणि करंगळी पांढरी सातवर. आत्ता ठेवून बघा. लांब बोटं उंच काळ्या पट्ट्यांवर, आखूड बोटं खाली पांढऱ्यांवर. पंजा आपोआप कमानीत बसतो, काही वळवावं लागत नाही. म्हणूनच तो शिष्यांना सप्तक सुरू करायला लावायचा ते पांढरी सातवरून, पाचही काळ्या पट्ट्या घेऊन. पांढरी एकचं सप्तक, जे प्रत्येक प्राथमिक पुस्तकात पहिल्या पानावर असतं, ते वाचायला सगळ्यात सोपं म्हणून तिथे असतं. हाताला मात्र ते सगळ्यात अवघड, आणि शोपँ ते शेवटी शिकवायचा. तुम्हाला काळ्या-पांढऱ्यांची भीती नाही. काळी एकच्या गायकाला साथ केलेला माणूस तुम्ही. पुस्तकाचा क्रम मोडून हे सप्तक आधी घ्या.

पांढरी सातपासून वर जाताना उजव्या हाताची बोटं अशी : अंगठा, तर्जनी, मध्यमा, मग अंगठा पांढरी तीनवर, आणि पुढे वर सांगितलेली पाच बोटं जशीच्या तशी. तुम्हाला अवघड जाईल तो अंगठा मध्यमेखालून नेणं. तो ओढून नेऊ नका. तर्जनी वाजतानाच अंगठा हलायला लागला पाहिजे आणि कोपराने हाताला उजवीकडे नेत राहायचं. अंगठ्याला आलेलं हे काम तसं फार जुनं नाही. सेबास्टियन बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमॅन्युएल याने १७५३ च्या ग्रंथात लिहून ठेवलंय की वडिलांनी तरुणपणी ज्या थोरांना ऐकलं, ते अंगठा वापरायचे तो फक्त मोठ्या अंतराच्या वेळी. पेटीवर तुमचा भर मधल्या तीन बोटांवर असेल तर तुम्ही काही वेगळं करत नव्हता.

व्हिडिओ बघताना एक गोष्ट लक्षात ठेवा. बहुतेकांचा कॅमेरा पट्ट्यांच्या वर टांगलेला असतो. त्यातून कुठलं बोट कुठे जातं ते छान दिसतं, पण मनगट वर-खाली किती होतंय, हाताचं वजन कधी उतरतंय, हे अजिबात दिसत नाही. बाजूने, पट्ट्यांच्या उंचीवरून घेतलेलं चित्रण शोधा आणि बोटांऐवजी कोपर बघा. स्वतःचंही तसंच चित्रण करा. फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवून ठेवला की झालं. शिक्षक बाजूला बसून जे बघतो, त्यातलं बरंचसं तुम्हाला तिथे दिसेल, विशेषतः उचललेले खांदे. थोरांचं चित्रण ऐकण्यासाठी खुशाल बघा, त्यांच्या हाताची नक्कल करण्यासाठी नको. ग्लेन गूल्ड जमिनीपासून फुटभरापेक्षा थोड्याशाच उंचीच्या खुर्चीवर बसायचा. होरोवित्झची बोटं जवळजवळ सपाट. दोघंही अद्भुत वाजवत, आणि दोघांचं बसणं-धरणं त्यांच्या शरीरापुरतं खरं होतं.

वयाचं म्हणाल तर वेग विशीतल्या मुलाइतका येणार नाही, हे मी लपवत नाही. पण कान तुमचा तयार आहे, लय पक्की आहे, आणि विशीतली मुलं नेमकी तिथेच अडकतात. पुस्तकांवरून हात बसतो, मात्र प्रत्येक सूचना एका चालू तुकड्यातल्या दोन-चार मात्रांवर तपासायची : आवाज सुधारला का आणि हात हलका झाला का. दोन्हीचं उत्तर हो असेल तर ती सूचना तुमची. नसेल तर लेखक कितीही मोठा असो, पान उलटा. आणि वर्षातून एक-दोनदा सांगली-कोल्हापूर किंवा पुण्यात एखाद्या शिक्षकाला गाठून तासभर हात दाखवा. पुस्तकात न मिळणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे तुमच्या मनगटाखाली ठेवलेला दुसऱ्याचा हात.

प्रश्न : माझी मुलगी सात वर्षांची आहे. घरी ६१ पट्ट्यांचा हलका कीबोर्ड आहे. वाजवताना तिच्या बोटांचं शेवटचं पेर आत मोडतं. क्लासमधले सर रागावतात, म्हणतात आत्ताच सवय मोडली नाही तर कायमची राहील. घरी काय करून घेऊ?
— एक आई, पनवेल

उत्तर : रागावू नका, आणि सरांनाही नम्रपणे सांगा. सात वर्षांच्या मुलांचे सांधे लवचीक असतात, पेर मोडणं अगदी सर्रास दिसतं आणि बहुतेकांचं हात वाढेल तसं सुधारतं. दिवसातून दोन-तीन मिनिटं टेबलावर पंजाची कमान करून एकेका बोटाच्या टोकावर हलका भार द्यायला शिकवा, खेळ म्हणून. पेर मोडलं की हसून पुन्हा. पट्टी जोरात दाबायला लावू नका, जोराने पेर जास्तच मोडतं.

तिचे पाय मात्र आज बघा. लोंबकळत असतील तर पायांखाली पाट ठेवा. फ्रान्सुआ कूपरँ या फ्रेंच वादकाने १७१६ च्या त्याच्या पुस्तकात हेच लिहिलंय : मुलांच्या पायांखाली काहीतरी ठेवा आणि मूल वाढेल तसं ते कमी-जास्त करा, म्हणजे शरीराचा तोल राहतो. पुस्तक पियानोच्या आधीच्या हार्प्सिकॉर्ड या पट्ट्यांच्या वाद्याचं, पण सल्ला आजही तंतोतंत लागू आहे. तो लहान मुलांना मुद्दाम हलक्या पट्ट्यांच्या वाद्यावर शिकवायचा, म्हणून तुमच्या कीबोर्डचंही सध्या वाईट वाटून घेऊ नका. दोन वर्षांनी जड पट्ट्यांचं वाद्य घेता आलं तर बरं. शिकवणी संपली की तो वाद्याची किल्लीच बरोबर घेऊन जायचा, मुलांनी एकट्याने वाजवून शिकवलेलं बिघडवू नये म्हणून! एवढं करू नका, पण सुरुवातीला ती वाजवत असताना शेजारी बसा.

प्रश्न : एकच पुस्तक घ्यायचे पैसे आहेत. हॅनॉन घेऊ, चेर्नी घेऊ की आणखी काही?
— एक विद्यार्थी, ठाणे

उत्तर : हॅनॉन आणि चेर्नी दोघांनाही जाऊन शंभराहून अधिक वर्षं झाली. त्यांच्या जुन्या आवृत्त्या इंटरनेटवर रीतसर फुकट मिळतात, त्यावर पैसे घालू नकोस. पैसे बार्टोकच्या ‘मिक्रोकॉसमॉस’च्या पहिल्या खंडावर घाल. एकूण सहा खंड आणि १५३ तुकडे, बार्टोकने ते १९२६ ते १९३९ या काळात लिहिले. पहिल्या खंडात ३६ तुकडे आहेत. पहिल्या सहांत दोन्ही हातांना एकच चाल आहे आणि बोटं जागची हलवावी लागत नाहीत, म्हणून हाताकडे लक्ष द्यायला फुरसत मिळते. प्रत्येक तुकडा आधी गा, मग एकेका हाताने वाजव, मग दोन्हींनी. धोबीतलावला स्वरलिपीची पुस्तकं मिळतात, दुकानात जाऊन चाळून घे, कारण स्वस्त छपाईत बोटांचे आकडे पुसट आलेले असतात आणि या पुस्तकात तेच महत्त्वाचे आहेत.